घरी कोणी नसेल तर

रायरप्पन नंबियारांना वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटातून काढून टाकल्याची बातमी साऱ्या पाडिक्कुन्नू गावात सगळ्यांत शेवटी कोणाला कळली असेल, तर ती खुद्द नंबियारांना. सकाळी उठून त्यांनी वाचनालयाच्या पंख्याच्या कुरकुरीबद्दल एक मुद्देसूद निरोप लिहिला आणि तो काही केल्या जाईना. त्यांनी फोन झटकला, बंद करून चालू केला, फोन घेऊन अंगणातल्या फणसाखाली जाऊन उभे राहिले, कारण तिथे रेंज चांगली असते असा त्यांचा समज होता. शेवटी कार्त्यायनी, म्हणजे त्यांची बायको, नारळ खवता खवता म्हणाली, "उगाच दमू नका. काढलंय तुम्हाला. काल रात्रीच."

"तुला कोणी सांगितलं?"

"गटावर आलं होतं."

काढणारे होते चात्तुकुट्टी मास्तर. शाळेत मल्याळम शिकवून निवृत्त झालेले, वाचनालयाचे अध्यक्ष, आणि गटाच्या किल्ल्याही त्यांच्याच हातात. नंबियारांचा गुन्हा एवढाच होता की वाचनालयातल्या वर्तमानपत्राचं शब्दकोडं पेनाने सोडवू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. मास्तर रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येत आणि कोडं शाईने भरून मोकळे होत. सार्वजनिक कोडं पेन्सिलीने सोडवावं, म्हणजे मागून येणाऱ्याला चूक सुधारता येते, हे नंबियारांनी आधी तोंडी सांगितलं, मग गटावर लिहिलं, आणि शेवटी मास्तरांच्या पेनाचा फोटो टाकून खाली विचारलं, 'हे पेन कोणाचं?' अख्ख्या गावाला पेन कोणाचं ते माहीत होतं. त्यावर आलेले हसरे चेहरे मास्तरांना सहन झाले नाहीत.

आता या वयात माणसाला गटातून काढलं म्हणून काही आभाळ कोसळत नाही. पण वाचनालयासमोर भास्करनचं चहाचं दुकान आहे, आणि त्या दुकानाच्या बाकावर बसल्याशिवाय नंबियारांचा दिवस सुरू होत नाही. ते निमूटपणे चहा पिऊन उठणार होते. पण भास्करनने पेला भरता भरता, दादा म्हणावं तसं नावाला 'एट्टा' जोडून विचारलं, "रायरप्पेट्टा, साखर गटातल्यांना देतो तेवढी देऊ, का बाहेरच्यांना देतो तेवढी?"

बाक हसलं. नंबियारांचे कान तापले.

"मला काय गरज आहे तुमच्या गटाची," ते म्हणाले. "मी स्वतःचा बनवीन."

"गट?"

"गट नाही. गट ज्याच्यात असतो ते सगळं. हयात गेली माझी तारखात्यात. इकडून टकटक, तिकडून टकटक, आणि मध्ये निरोप. यात काय वेगळं आहे?"

"आणि हे कधी होणार?"

"ओणमच्या आत."

हे वाक्य आपण बोललो, हे नंबियारांना ते बोलून झाल्यावर कळलं. भास्करन अशा वेळी सोडणारा माणूस नाही. त्याने झारा खाली ठेवला आणि सगळ्या बाकाला साक्षी ठेवून ठरवून टाकलं. ओणमच्या दिवसापर्यंत नंबियारांच्या यंत्रावरून एका माणसाचा निरोप दुसऱ्या माणसाला पोचला, तर सगळ्यांना पळमपोरी त्याच्याकडून. नाही पोचला, तर नंबियारांनी याच बाकासमोर मास्तरांची माफी मागायची. केळ्याची भजी एका बाजूला आणि माणसाची अब्रू दुसऱ्या, हा व्यवहार बरोबरीचा नव्हता, पण रागाच्या भरात नंबियार हो म्हणून बसले.

घरी येताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाही. मुलगा शारजाला जाताना लॅपटॉप ठेवून गेला होता, त्यावर ते पत्ते खेळत. म्हणजे आधी एक पुस्तक हवं. नवशिक्यांसाठीचं, संदेश पाठवणारा प्रोग्रॅम कसा लिहायचा, हे शिकवणारं.

नंबियारांना पुस्तक हवंय, हे कळायचा अवकाश, गावाने सल्ल्यांचा पाऊस पाडला. भास्करन म्हणाला, जाड घ्या, बारीक पुस्तकं गोष्टी लपवतात. पक्षाच्या शाखेचे पुरुषोत्तमन म्हणाले, ज्यातलं यंत्र कोणा एकाच्या मालकीचं नाही असंच पुस्तक घ्या, नाहीतर गावात चर्चा होईल. चर्चा तशीही होणारच होती. कोणाचा तरी भाचा बेंगळुरूहून फोनवर म्हणाला की पुस्तकबिस्तक आता कोणी वाचत नाही, व्हिडिओ बघा. नंबियारांनी दोन व्हिडिओ पाहिले. पण व्हिडिओतल्या ओळीवर बोट ठेवून विचार करता येत नाही, बोट ठेवलं की तो थांबतो किंवा पळतो. बोट ठेवल्याशिवाय त्यांना उभ्या आयुष्यात काही समजलं नव्हतं.

मग ते पय्यन्नूरला पुस्तकाच्या दुकानात गेले. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांच्या डोंगरामागून एक विक्रेता वर आला आणि त्याने तीन पुस्तकं पुढ्यात टाकली. तिन्हींवर 'नवशिक्यांसाठी' असं ठळक छापलेलं. पहिल्याच्या पहिल्याच पानावर होतं, 'आपल्याला ठाऊकच आहे की'. नंबियारांनी ते पान विक्रेत्यापुढे धरलं.

"मला ठाऊक नाही, म्हणून तर तीस मैलांवरून बसने आलोय."

"पुढे सांगितलं असेल, चेट्टा."

पुढे 'मागे पाहिल्याप्रमाणे' असं होतं. दुसऱ्या पुस्तकात बटणाला निळा रंग कसा द्यावा, बटणाचे कोपरे गोल कसे करावेत, बटण दाबल्यावर ते दबल्यासारखं कसं दिसावं, यावर अर्धं पुस्तक खर्ची पडलं होतं. बटण दाबल्यावर निरोपाचं काय होतं, हा विषय लेखकाला क्षुद्र वाटला असावा. तिसरं जाड होतं. नंबियारांनी ते उघडलं नाही, सरळ विक्रेत्यालाच विचारलं, "घरी कोणी नसेल तर?"

"कोणाच्या?"

"ज्याला निरोप जायचाय त्याच्या."

हा प्रश्न त्यांना आपोआप सुचला. बाहेरच्यांना वाटतं तारखातं म्हणजे टकटक. पण पाठवणं काय, कोणीही पाठवतो. खरं खातं चालायचं ते बंद दारांवर. शिपाई तार घेऊन जायचा, दाराला कुलूप. मग ती तार कुठे ठेवायची, परत कधी न्यायची, शेजारी द्यायची का, शेजाऱ्याने फोडून वाचली तर काय करायचं? नंबियारांची हयात गेली ती यात.

"फोनवर येतो ना निरोप," विक्रेता म्हणाला.

"फोन बंद असेल तर?"

"चालू करतील तेव्हा येईल."

"आणि तोवर असतो कुठे?"

विक्रेत्याने वर पंख्याकडे पाहिलं. मग जरा अवघडून म्हणाला, "हवेत."

नंबियार काही न घेता परत निघाले. पण बसमध्ये एक चमत्कारिक गोष्ट झाली. मास्तरांवरचा राग त्यांना नीट आठवेना. मधेच तो प्रश्न येऊन बसला होता. इतक्या जणांचे इतके निरोप, आणि दार बंद असलं की ते कुठेतरी थांबतात. कुठे थांबतात? कोण सांभाळतं? क्रमाने देतं का? घरी येऊन त्यांनी हेच कार्त्यायनीला विचारलं.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "वाचनालयाला यंदाचं अनुदान आलंय. रजिताला सांगा, ती आणेल पुस्तक."

"ज्या वाचनालयाने मला काढलं, त्याच्या दारात जाऊ?"

"वाचनालयाने कुठे काढलंय? गटाने काढलंय. दार उघडंच असतं त्याचं."

रजिता वाचनालयाची सचिव. दिवसभर स्कूटरवरून विम्याचे हप्ते गोळा करायची आणि संध्याकाळी वाचनालय चालवायची, त्यामुळे कुठल्याही वाक्याच्या शेवटापर्यंत थांबायला तिला वेळ नसे. तिने नंबियारांचं अर्धं म्हणणं ऐकलं आणि सांगितलं की पुस्तकं घ्यायची ती कण्णूरच्या पुस्तकोत्सवात, इंग्रजी पुस्तकं घ्यायची तर मोजकीच घेता येतात, आणि कुठलं घ्यायचं ते खरेदी समिती ठरवते. समितीचे अध्यक्ष कोण, हे विचारायची गरज नव्हती.

समितीची बैठक जमली. स्वागताचं भाषण झालं. मग मास्तरांनी नंबियारांकडे न बघता, भिंतीवरच्या घड्याळाला उद्देशून विचारलं, "या पुस्तकाला गावात मागणी आहे का?"

"मी आहे ना," नंबियार त्याच घड्याळाला म्हणाले.

"एका माणसाला मागणी म्हणत नाहीत."

"गेल्या वर्षी काव्यसमीक्षेचे चार खंड आले, ते कोणाच्या मागणीवरून?"

पुरुषोत्तमन मध्ये पडले. त्यांनी विषय गंभीर असल्याचं सांगितलं, निरोपांची मालकी कोणाची या प्रश्नाचा त्यांनी जगाच्या पातळीवरून सुरू केलेला आढावा राज्याच्या पातळीपर्यंत आला, तोवर रजिताची स्कूटरची किल्ली बोटाभोवती गरगर फिरत होती. शेवटी तिनेच ठराव मांडला. पुस्तक घ्यायचं. निवडायला दोन जणांची उपसमिती. एकाला विषयातलं कळावं, एकाला पुस्तकातलं. बाकी कोणाला रविवारी वेळ नव्हता. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण ज्या दोघांचा विरोध होता, त्यांना आधी एकमेकांशी बोलावं लागलं असतं.

अशा रीतीने, एकमेकांशी न बोलणारी दोन माणसं, माणसांनी एकमेकांशी बोलायच्या यंत्रावरचं पुस्तक निवडायला कण्णूरला निघाली. मास्तर बसच्या पुढच्या दाराने चढले, नंबियार मागच्या. उतरलेही तसेच.

उत्सवात इंग्रजी पुस्तकांचा एक मोठा गाळा होता. एका टोकाला सफिया नावाची धिप्पाड बाई बसली होती, दुसऱ्या टोकाला तिचा भाऊ. मास्तर सफियासमोर उभे राहिले. नंबियार त्यांच्यापासून दोन हातांवर.

"बाई," मास्तर म्हणाले, "त्या गृहस्थांना विचारा, हे जाड पुस्तक चालेल का."

सफियाने दोन हातांचं अंतर डोळ्यांनी मोजलं. "ते विचारतायत, जाड चालेल का."

"त्यांना सांगा, घरी कोणी नसेल तर काय होतं, ते यात दिलेलं नाही."

"ते म्हणतायत, घरी कोणी नाही."

"कोणाच्या?" मास्तर दचकून म्हणाले. "बाई, जसंच्या तसं सांगा."

"जसंच्या तसं सांगायला मी काय तारघर आहे का? दोन पावलांवर उभे आहात. भांडण झालंय का तुमचं?"

मास्तर पुस्तकं चाळत दुसऱ्या टोकाकडे सरकले आणि मग चहा प्यायला बाहेर पडले. नंबियारांना ढिगात एक पिवळं, सडपातळ पुस्तक दिसलं. त्यांनी अनुक्रमणिका काढली. चौथ्या प्रकरणाचं नाव होतं, 'घरी कोणी नसेल तर'. त्यांना तिथेच बसावंसं वाटलं. कुठल्या देशातला कोण हा लेखक, तारखात्यात कधी पाय ठेवला नसेल, आणि नेमका त्याच दारासमोर येऊन उभा राहिलेला.

"ते आले की सांगा," ते सफियाला म्हणाले, "पिवळं पुस्तक बघा म्हणावं. आणि एक प्रत वाचनालयाच्या बिलात घाला."

"आले की सांगते," ती म्हणाली, आणि विसरू नये म्हणून पिवळ्या पुस्तकाची वरची एक प्रत बाजूला घेऊन तिने त्यावर कोपर टेकवलं. दुसरं गिऱ्हाईक आलं, तिसरं आलं, तिने सगळ्यांना उत्तरं दिली, पण कोपर हललं नाही. नंबियार बघत राहिले. निरोप तिच्या कोपराखाली थांबला होता. हवेत वगैरे काही नाही. मध्ये कोणीतरी बसलेलं लागतं, जे दोघांनाही ओळखतं, जागं असतं आणि कोपर हलू देत नाही. सगळं जग ज्याला सर्व्हर म्हणत होतं, तो त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसला, आणि त्याच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या.

मास्तर आले. "पिवळं बघा म्हणतायत," सफियाने पोचवलं.

"बघतो," मास्तर म्हणाले, आणि मूग गिळून बसले. त्याचं कारण असं की चहाला जाण्याआधीच त्यांनी दुसऱ्या टोकाला तेच पुस्तक उघडलं होतं. पहिलंच वाक्य होतं, 'यातलं जे मला कळलेलं नाही, तिथे मी तसं लिहीन.' जन्मभर पाठ्यपुस्तकं शिकवलेल्या माणसाने हे वाक्य दोनदा वाचलं आणि पुस्तक सफियाच्या भावाकडे देऊन टाकलं, बांधा म्हणाले. आता 'मी आधीच घेतलंय' असं सांगणं म्हणजे 'तुमचं बरोबर आहे' असं सांगण्यासारखंच होतं. ते त्यांच्याने होईना.

वाचनालयात रजिताने गठ्ठा सोडला, आणि एकाच पुस्तकाच्या दोन प्रती तिच्या हातात आल्या.

"हे वाचणारा अर्धा माणूस नाही गावात," ती म्हणाली, "आणि तुम्ही दोन आणलीत? इंग्रजीचा सगळा वाटा गेला यात. मुलं व्याकरण मागत होती, त्यांना काय सांगू?"

"मी एकच घेतलं," नंबियार म्हणाले.

"मीही," मास्तर म्हणाले.

"तेवढं एक वाक्य बोलला असतात एकमेकांशी, तर?" वाक्याच्या शेवटापर्यंत रजिता थांबली, ती एवढ्याच वेळी. मग तिने निकाल दिला. एकेक प्रत दोघांनी घरी न्यायची, वाचायची, आणि येत्या पुस्तकचर्चेला हेच पुस्तक. हिशेब तपासायला कोणी आलंच, तर निदान ते वाचलं गेल्याचं दिसलं पाहिजे.

पाडिक्कुन्नूत पुस्तकचर्चा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. दर महिन्याला एक पुस्तक उभं करायचं, एकाने मांडायचं, बाकीच्यांनी त्याची हाडं मोजायची. कादंबऱ्या, आत्मचरित्रं, एकदा तर पंचांगसुद्धा चर्चेतून गेलं होतं. तरीही प्रोग्रॅमिंगचं पुस्तक पहिलंच. बाकं भरली. मांडणी मास्तरांनी केली.

"या पुस्तकात दोन मुख्य पात्रं आहेत," ते म्हणाले. "लिली आणि सॅम. लेखक उदाहरणादाखल त्यांचेच निरोप पाठवतो. पहिल्या तीन प्रकरणांत सॅम निरोप पाठवतो, पण लिलीचं दार उघडं नसतं. या पुस्तकाचा खरा विषय यंत्र नाही. वाट बघणं आहे."

पुरुषोत्तमन उठले आणि म्हणाले की लिली आणि सॅम कुठल्या थरातले, पोटासाठी काय करतात, हे लेखकाने दडवलं आहे. मागून एका बाईने विचारलं, शेवटी त्यांचं लग्न होतं का. मास्तरांनी सांगितलं की शेवटच्या प्रकरणात दोघांचं एकाच यंत्रावर येणं होतं, त्यापुढचं लेखक वाचकावर सोडतो. मग चहाची किटली घेऊन आलेला भास्करन दारातूनच म्हणाला, "मला एक सांगा. हा सॅम तिला सारखं 'आहेस का, आहेस का' एवढंच विचारतो. मनातलं तर एक अक्षर बोलत नाही. मग ती कशाला दार उघडेल?"

लोक हसले, पण नंबियार हसले नाहीत. मास्तर सातव्या प्रकरणाबद्दल बोलले होते. निरोपांवर क्रमांक कसे घालायचे, ते त्यात होतं, आणि नंबियार तिथेच अडले होते. मास्तरांना ते समजलेलं दिसत होतं. हे कसं समजलं या माणसाला? त्यांना विचारावंसं इतकं वाटलं की ते उठून उभे राहिले. मग आठवलं की आपलं बोलणं नाही. "सचिवांमार्फत प्रश्न आहे," ते म्हणाले, "सातव्या प्रकरणातला क्रमांक पाठवणाऱ्याने घालायचा, का मधल्याने?"

"सचिवांमार्फत उत्तर आहे," मास्तर म्हणाले, "मधल्याने. दोघांचीही घड्याळं वेगळी चालतात."

रजिताने कपाळाला हात लावला.

त्यानंतर नंबियार नेटाने कामाला लागले. रजिताने वाचनालयाचा जुना संगणक मधलं यंत्र म्हणून दिला आणि केबलवाल्याला बोलावून त्या संगणकाला इंटरनेटवरून बाहेरची वाट करून दिली. कोणालाही जोडून बघायचं असेल तर बघा, म्हणून तिने पत्ता फळ्यावर लिहून ठेवला. नंबियार सकाळी वाचनालयात जाणं टाळत, कारण सकाळी मास्तर आणि ते कोडं तिथे असायचं. ते दुपारी जात, किंवा घरूनच काम करत.

आता खरं तर आधी पाठवायचं बटण करायला हवं होतं. पण माणूस शेवटी माणूस आहे. नंबियारांनी सगळ्यांत आधी काढून टाकायचं बटण केलं. लाल, गोल कोपऱ्यांचं. ते चालतं का हे बघायला गटात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते स्वतःवर चालवलं. उत्तम चाललं. त्यांना काढलं गेलं, आणि परत आत घ्यायचं बटण अजून केलेलं नव्हतं. एकाच वर्षात दोन गटांतून हकालपट्टी, त्यातली एक स्वतःच्या हाताने, हे त्यांनी कार्त्यायनीलाही सांगितलं नाही. त्यांनी 'नमुना' नावाचा एक नवा सदस्य केला आणि पुढचं सारं काम त्या नावाने केलं. नमुना स्वतःलाच सुप्रभात म्हणे आणि स्वतःच त्याला उत्तर देई. चौथ्या प्रकरणातलं कोपर, म्हणजे निरोप सांभाळून ठेवणारा भाग, त्यांनी सगळ्यांत मन लावून लिहिला. काढलेल्या माणसाच्या निरोपांचं काय करायचं, ते त्यांनी ठरवलं नव्हतं. पुस्तकानेही तिथे प्रामाणिकपणे लिहिलं होतं की ते त्याला माहीत नाही.

ओणम दोन दिवसांवर आला. अंगणात फुलांच्या रांगोळ्या पडू लागल्या, आणि नंबियारांच्या लक्षात आलं की यंत्र तयार आहे, पण एका माणसाचा निरोप दुसऱ्या माणसाला, ही अट पुरी करायला दुसरा माणूसच नाही. ते कार्त्यायनीकडे गेले.

"तू फक्त फोन हातात धरून बस. मी आतून निरोप पाठवतो."

"आतून हाक मारा ना. मी स्वयंपाकघरात आहे."

"हाक मारायची नाही. निरोप पाठवायचाय."

"मग कोणी लांबचं बघा. मला आल्याची इंजीपुळी ढवळायची आहे."

भास्करनला विचारायचं तर तो पैजेतला. पुरुषोत्तमनना विचारायचं तर ते आधी मालकीचा मुद्दा काढणार. शारजाचा मुलगा कामावर. मित्र म्हणावा असा एकच माणूस गावात होता, ज्याच्याशी रोज सकाळी कोड्यावरून वाद घालत त्यांनी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं काढली होती, आणि त्याच्याशी बोलणं बंद होतं. परवा बाकासमोर उभं राहून माफी मागावी लागणार. त्या रात्रीचं जेवण नंबियारांना गेलं नाही.

ओणमच्या सकाळी अंघोळ करून, नवा मुंडू नेसून ते लॅपटॉपसमोर बसले. माफी मागायचीच आहे, तर निदान स्वतःच्या नावाने यंत्रातून बाहेर पडू, असा काहीतरी हट्ट त्यांच्या डोक्यात शिरला. नमुन्याला त्यांनी निरोप दिला आणि परत आत घ्यायचं बटण लिहून पुरं केलं. मग नावाच्या जागी 'रायरप्पन' लिहून ते दाबलं.

यंत्र जरा वेळ गप्प राहिलं. मग पडद्यावर निरोप पडू लागले, एकाखाली एक, क्रमांक आणि तारीख घातलेले, ज्या क्रमाने आले त्या क्रमाने. सगळे एकाच नावाचे होते, चात्तुकुट्टी.

'आहात का?'

'आहात का?'

'पुस्तकाप्रमाणे माझ्याकडचा भाग केला. पत्ता फळ्यावरून घेतला. चालतंय की नाही कळत नाही. आहात का?'

'आज कोडं सोपं होतं.'

'आज नव्हतं.'

आणि शेवटचा, आज सकाळचाच: 'चौदा आडवं सुटत नाही.'

नंबियार बघतच राहिले. पुस्तकचर्चेनंतरच्या आठवड्यापासून हा माणूस त्यांच्या बंद दारासमोर येऊन उभा राहत होता, आणि दार त्यांनी स्वतःच लावून घेतलं होतं. आणि यंत्राने, त्यांच्या स्वतःच्या यंत्राने, एकही निरोप फेकला नव्हता. त्यांना आपल्या कामाचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी रडू आलं, आणि दोन्हींचं काय करावं ते न सुचून त्यांनी टेबलाचा खण उघडला, त्यातली पेन्सिल घेतली, खोडरबर घेतला, आणि चपला घातल्या.

"जेवण तयार होतंय," कार्त्यायनी म्हणाली. "कुठे निघालात?"

"एक पान जास्त मांड."

वाचनालयाच्या ओसरीवर मास्तर वर्तमानपत्र पसरून बसले होते. समोरच्या दुकानातून भास्करन मान वर करून बघत होता. नंबियार शेजारी जाऊन बसले.

"पोचला का निरोप?" मास्तरांनी मान वर न करता विचारलं.

"पोचला."

"फार वेळ लागला."

"घरी कोणी नव्हतं," नंबियार म्हणाले.

मास्तरांनी पेपर त्यांच्याकडे सरकवला. नंबियारांनी चौदा आडवं पाहिलं, मग त्याला छेदून जाणारं नऊ उभं पाहिलं, मग परत चौदा आडवं पाहिलं.

"मास्तर, नऊ उभं चुकलंय तुमचं. म्हणून हे सुटत नाही."

मास्तरांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. नऊ उभं ठळक काळ्या शाईत भरलेलं होतं, आणि आता ते खोडणं शक्य नव्हतं. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, ते खिशात ठेवलं आणि हात पुढे केला.

"द्या ती पेन्सिल," ते म्हणाले.